ड्राफ्टमधलं पोर पुढे काय करेल, हे जोखायचं कसं?

प्रश्न गुहागरहून आलाय, एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टबद्दल, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीबद्दल. विचारणारा 22 वर्षांचा आहे, स्वतः खेळतो आणि संध्याकाळी गावातल्या मुलांना शिकवतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "सर, जूनअखेर एनबीएचा ड्राफ्ट होतो, जुलैत नव्या पोरांची समर लीग होते आणि तेवढ्यावर लोक ठरवून मोकळे होतात की हा स्टार होणार, तो वाया गेला. एवढ्यात खरंच काही कळतं का? तुम्ही काय बघता? आणि माझ्याकडे 15 वर्षांचा एक उंच मुलगा आहे. हीच नजर त्याला लावता येईल का?"

मित्रा, मी रत्नागिरीत 26 वर्षं मुलांना बास्केटबॉल शिकवतोय. जिल्ह्याच्या निवड चाचण्यांना कितीदा तरी बसलोय. आणि ड्राफ्टच्या दिवशी पहाटे साडेपाचला उठून, बाहेर पाऊस कोसळत असताना, वीज जाते की काय या धाकात तो बघत आलोय. तुझा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून हात राखून लिहीत नाही.

आधी उत्तर. नव्या खेळाडूने किती गुण केले यावरून फारच थोडं कळतं. एकदा चुकल्यावर पुढच्या चालीत तो काय करतो यावरून पुष्कळ कळतं. आणि तो कोणाच्या हाताखाली जाऊन पडला हे पाहिल्याशिवाय बाकीचा सगळा अंदाज अर्धवट राहतो.

हे समजून घ्यायला 2013 चा ड्राफ्ट घे. पहिल्या क्रमांकावर क्लीव्हलँडने अँथनी बेनेटला घेतलं. अकराव्यावर फिलाडेल्फियाने मायकेल कार्टर-विल्यम्सला. पंधराव्यावर मिलवॉकीने ग्रीसमधून एक काटकुळा मुलगा उचलला, यानिस अँटेटोकुंपो. तो तिथल्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळत होता आणि लहानपणी भावांबरोबर अथेन्सच्या रस्त्यांवर घड्याळं, पर्स विकायचा. सत्ताविसाव्यावर फ्रान्सचा रूडी गोबेअर. त्याला निवडलं डेन्व्हरने आणि त्याच रात्री युटाला देऊन टाकलं.

आता पहिला मोसम बघ. कार्टर-विल्यम्सने पदार्पणाच्या सामन्यात, तेही गतविजेत्या मायामीविरुद्ध, 22 गुण, 12 असिस्ट (साथीदाराला बास्केट करून देणारे पास), 9 स्टील (हिसकावलेले चेंडू) आणि 7 रिबाउंड (हुकलेल्या शॉटचे पकडलेले चेंडू) केले. मोसमभर सरासरी 16.7 गुण, आणि वर्षाचा सर्वोत्तम नवा खेळाडू हा मान त्यालाच मिळाला. यानिसची सरासरी 6.8. गोबेअरची 2.3. बेनेटला पहिली बास्केट करायला पाचवा सामना उजाडावा लागला आणि वर्षाची सरासरी 4.2 वर थांबली. त्या उन्हाळ्यात कोणी आकड्यांवरून क्रम लावला असता, तर कार्टर-विल्यम्स वर आणि बाकी तिघं खाली.

पुढे काय झालं? कार्टर-विल्यम्सची ती पहिल्या वर्षाची सरासरी त्याला पुन्हा कधीच गाठता आली नाही. दुसऱ्या मोसमाच्या मध्यावरच फिलाडेल्फियाने त्याला दुसरीकडे पाठवलं, आणि तो गेला कुठे, तर मिलवॉकीत, यानिसच्याच संघात. यानिस 2019 आणि 2020 असा लागोपाठ दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि 2021 मध्ये शेवटच्या सामन्यात 50 गुण करून त्याने मिलवॉकीला विजेतेपद मिळवून दिलं. गोबेअर चार वेळा सर्वोत्तम बचावपटू झाला. बेनेट एकूण 151 सामने खेळला आणि 2017 नंतर एनबीएत दिसला नाही.

"हे आता सांगणं सोपं आहे," असं तू म्हणशील. पण तेव्हाही समोर काय होतं ते बघ. फिलाडेल्फियाने त्या वर्षी 82 पैकी 19 सामने जिंकले, मध्ये सलग 26 हरले. लीगमधला सगळ्यात वेगवान खेळ त्यांचा होता, म्हणजे प्रत्येक सामन्यात जास्त चाली, जास्त शॉट. चेंडू सतत कार्टर-विल्यम्सच्या हातात, आणि त्याच्या जागेवर हक्क सांगणारा दुसरा कोणी नाही. अशा घरात गुण वाढतातच. त्याच वेळी लांबच्या रेषेबाहेरून मारायच्या तीन गुणांच्या शॉटमध्ये तो चारात एकच्या आसपास अडकला होता, आणि सामन्याला तीनहून जास्त वेळा चेंडू गमावत होता. यानिसला चेंडू क्वचित मिळायचा. पण मागून धावत येऊन अडवलेले शॉट, रिबाउंड घेऊन स्वतःच चेंडू पुढे नेणं, त्या लांबलचक दोन ढांगा, हे सगळं त्या 6.8 गुणांच्या आड चालू होतं. शिवाय तो त्या काळात अजून वाढत होता. निवडला तेव्हा साधारण 6 फूट 9 इंच, नंतर 6 फूट 11.

आपल्याकडे कलम लावलं की पहिली तीन-चार वर्षं आलेला मोहोर खुडून टाकतात. झाड अजून अंगाने भरलेलं नसतं, त्याने तेवढ्यात फळ धरलं तर खोडाची ताकद फळात जाते. पावसजवळच्या एका बागेत मी नेहमी जातो. तिथले काका दुसऱ्या वर्षीच्या कलमाकडे बघताना मोहोर बघतच नाहीत. बुंध्याची जाडी बघतात, नवी पालवी किती वेळा फुटली ते विचारतात, सांध्यावर बोट फिरवतात. पहिल्या मोसमातले गुण हा तसाच मोहोर आहे.

मग बुंधा कुठला आणि पालवी कुठली? मी चार गोष्टी बघतो. त्यातल्या दोनांवर जास्त लिहितो, कारण लोक तिथेच चुकतात.

पहिली, शॉट. नवा खेळाडू आला की लोक कॉलेजमधली तीन गुणांच्या शॉटची टक्केवारी बघतात. पण कॉलेजच्या मोसमात सामने साधारण 35. त्यात एखाद्याने 100 शॉट मारले, तर 35 टक्के आणि 40 टक्के यांत फरक फक्त पाच शॉटचा. खरा 35 टक्क्यांचा नेमबाज नुसत्या नशिबाने एका मोसमात 30 दाखवू शकतो आणि 40 सुद्धा. शिवाय एनबीएची रेषा लांब आहे, 7.24 मीटर. म्हणून मी आधी फ्री थ्रो बघतो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट. ठरलेली जागा, अंगावर कोणी नाही, घाई नाही. तिथे फक्त हाताची घडण दिसते, आणि ती घडण चांगली असली की लांबून शॉट बसवायला वेळ लागतो एवढंच.

2017 चा ड्राफ्ट आठव. पहिल्या क्रमांकाचा हक्क बोस्टनकडे होता. तो त्यांनी फिलाडेल्फियाला देऊन तिसरा घेतला. फिलाडेल्फियाने मार्केल फुल्ट्झ घेतला, बोस्टनने जेसन टेटम. कॉलेजमध्ये तीन गुणांच्या शॉटमध्ये फुल्ट्झ 41 टक्के, टेटम 34. याच आकड्यावर गेलास तर फुल्ट्झच नेमबाज. पण फ्री थ्रोमध्ये फुल्ट्झ 65 टक्के आणि टेटम 85. टेटमने एनबीएतल्या पहिल्याच मोसमात तीन गुणांचे शॉट 43 टक्क्यांनी मारले, आणि 2024 मध्ये बोस्टनबरोबर विजेता झाला. फुल्ट्झचा शॉट मात्र मोडून पडला. इथे न्यायाने सांगायला हवं, की त्याच्या खांद्याजवळच्या नसा दबल्याचं निदान पुढे 2018 मध्ये झालं. आजाराने जे केलं त्याचा दोष मी त्याच्या घडणीवर टाकणार नाही. पण ते 65 टक्के ड्राफ्टच्या आधीही कागदावर होते आणि त्यांनी सावध करायला हवं होतं.

उलट बाजूचा कवाय लेनर्ड. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तीन गुणांच्या शॉटमध्ये तो 29 टक्के होता, आणि 2011 मध्ये पंधराव्या क्रमांकापर्यंत घसरला. फ्री थ्रो मात्र 75 टक्क्यांच्या आसपास होते. सॅन अँटोनियोने त्याला पदरात घेतलं, चिप एंगलंड या त्यांच्या शॉटच्या प्रशिक्षकाने चेंडू सोडण्याची जागा बदलून दिली, आणि पहिल्याच मोसमात तो 37 टक्क्यांच्या वर गेला. शॉट शिकवता येतो. ज्याचे हात मुळात मऊ आहेत आणि जो सांगितलेलं ऐकतो, त्याचा तर नक्कीच.

दुसरी गोष्ट शरीर, आणि इथे आपल्या लोकांची गाडी उंचीवरच अडकते. उंचीपेक्षा वाव मोज. दोन्ही हात आडवे पसरले की एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत जेवढं अंतर, ती वाव. आपल्या किनाऱ्यावर दोरी आणि पाण्याची खोली याच मापाने मोजत आलेत, त्यामुळे आमच्या मिरकरवाड्याच्या पोरांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सामान्य माणसाची वाव जवळपास उंचीएवढी असते. गोबेअरची उंची 7 फूट 1 इंच आणि वाव 7 फूट 9 इंचांच्या घरात. ड्रेमंड ग्रीन 2012 मध्ये पस्तिसावा निवडला गेला, कारण बास्केटजवळ खेळायला तो बुटका मानला गेला, साडेसहा फूट. त्याची वाव 7 फूट 1 इंच. डोकं काही चेंडू अडवत नाही, हात अडवतात.

पण नुसत्या मापानेही भागत नाही. आपल्या पंजाबचा सतनाम सिंग 2015 मध्ये डॅलसने 52 व्या क्रमांकावर निवडला. भारतात जन्मलेला, ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला खेळाडू. 7 फूट 2 इंच उंची. त्या सकाळी माझ्या कोर्टवरच्या मुलांना झालेला आनंद मी विसरणार नाही. पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. कारण काळ बदलत होता. त्याच जूनमध्ये गोल्डन स्टेट लहान चणीचा संघ उतरवून विजेता झाला होता. सेंटरलाही, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूलाही, आता बाहेर, रेषेपर्यंत येऊन चेंडू पुढे आणणाऱ्या चपळ गार्डसमोर आडवं सरकावं लागत होतं. बास्केटखाली उभं राहून रिबाउंड घेणाऱ्या थोराड खेळाडूची गरजच कमी होत चालली होती. त्याने इतक्या लांबची मजल मारली याचा मला अभिमान आहे. पण त्याच्या वाटचालीतून मी एक शिकलो: उंच मुलगा दिसला की आता त्याची उंची मोजण्याआधी त्याला बचावाच्या पवित्र्यात बसवून आडवं सरकायला लावतो, आणि त्याच्या टाचांकडे बघतो.

वजन आणि ताकद यांची मात्र मी काळजी करत नाही. 2007 मध्ये ड्राफ्टआधीच्या चाचणीत केविन ड्युरंटला 185 पौंडांचं, म्हणजे 84 किलोचं वजन बेंचवर एकदाही उचलता आलं नव्हतं. त्याला दुसऱ्या क्रमांकावर निवडलं, आणि पुढे तो लीगमधला मोठा स्टार झाला. पहिला होता ग्रेग ओडेन, भरभक्कम शरीराचा. ओडेनचा गुडघा पहिला मोसम सुरू व्हायच्या आधीच शस्त्रक्रियेला गेला आणि सगळे मिळून तो 105 सामने खेळला. त्याच्या गुणवत्तेत खोट नव्हती. दुखापत हा भाग कोणाच्याच नजरेला पुरता दिसत नाही, आणि जो दिसतो म्हणतो त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस.

तिसरी गोष्ट वय. यावर लांबण लावत नाही. 18 वर्षांच्या मुलाने आणि 22 वर्षांच्या मुलाने कॉलेजात सारखेच गुण केले, तर ते सारखे नाहीत. धाकट्याने ते आपल्यापेक्षा थोराड पोरांसमोर केलेले असतात. 2025 मध्ये डॅलसने पहिल्या क्रमांकावर घेतलेला कूपर फ्लॅग ड्राफ्टच्या दिवशी 18 वर्षांचा होता. त्याचे आकडे वाचताना ते वय शेजारी लिहूनच वाचायला हवेत. मात्र याचा अर्थ मोठ्या वयाचा संपला असा कोणी लावला तर ते चूक. जेलन ब्रन्सन तीन वर्षं कॉलेजात खेळून, दोन विजेतेपदं घेऊन 2018 मध्ये आला आणि 33 व्या क्रमांकावर गेला. बुटका, फार उडी नाही, आता यात वाढणार काय, असा विचार बहुतेक संघांनी केला. तो पुढे न्यूयॉर्कचा आधार झाला.

चौथी गोष्ट डोकं. माझ्या लेखी हीच सगळ्यात मोठी, आणि हीच आकड्यांत सगळ्यात उशिरा उतरते. 2014 च्या ड्राफ्टमध्ये डेन्व्हरने दोन सेंटर मिळवले. युसूफ नुर्किच सोळाव्या क्रमांकाचा. निकोला योकिच 41 व्या क्रमांकाचा, आणि त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा अमेरिकेतल्या टीव्हीवर जाहिरात चालू होती. योकिच मऊ शरीराचा, संथ, उडी जेमतेम. पण चेंडू हातात यायच्या आधीच त्याला पुढचा पास दिसलेला असायचा. एक वर्ष तो सर्बियातच खेळला, मग आला. 2017 मध्ये डेन्व्हरने नुर्किचला दुसरीकडे पाठवलं आणि संघ योकिचभोवती उभा केला. 2021, 2022 आणि 2024 मध्ये तो लीगचा सर्वोत्तम ठरला, 2023 मध्ये विजेता.

हे 'डोकं' बघायचं कसं, ते माझ्याच एका चुकीवरून सांगतो. ही चूक मला अजून सलते.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याकडे 14 वर्षांखालच्या मुलांची निवड चाचणी होती. पाऊस नुकताच सरला होता. सिमेंटच्या कोर्टवरचं शेवाळ आम्ही आदल्या दिवशी ब्लीचिंग पावडर टाकून काथ्याने घासून काढलं होतं, तरी एका कोपऱ्यात पाय सरकत होता. चाचणीत एक मुलगा 6 फूट 1 इंचाचा, मिसरूड फुटलेला. त्याने 18 गुण केले. दुसरा मिरकरवाड्याचा, वडील बोटीवर जाणारे, हडकुळा, जेमतेम सव्वापाच फूट. त्याचे गुण शून्य. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे मी '0' लिहिलं, त्याखाली '2 टर्नओव्हर', म्हणजे दोनदा चेंडू गमावला.

ते दोन टर्नओव्हर एकाच जागी झाले होते. चेंडू घेऊन अर्ध्या रेषेच्या पुढे कोपऱ्यात आला की समोरचे दोघं त्याला घेरायचे आणि चेंडू जायचा. तिसऱ्यांदा तो त्याच बाजूने आला. मात्र घेराव पडायच्या एक पाऊल आधी थांबला. चेंडू डोक्यावर धरला. समोरचे दोघं अंगावर यायची वाट बघितली, आणि ते आल्यावर रिकाम्या झालेल्या साथीदाराला उंचावरून पास दिला. चौथ्यांदा त्याने तिथे जायचं नाटक केलं आणि मधूनच घुसला. बाहेरून त्याला कोणीही काही सांगितलं नव्हतं. मी हे पाहिलं होतं, अगदी स्पष्ट पाहिलं होतं. तरी निवड केली 18 गुणांची.

तो उंच मुलगा त्या वर्षानंतर अर्धा इंचही वाढला नाही. त्याची वाढ लवकर झाली होती, एवढंच. सगळे त्याच्या बरोबरीला आल्यावर त्याच्याकडे वेगळं काही उरलं नाही, आणि त्यात त्या मुलाचा काहीच अपराध नव्हता. हडकुळ्या मुलाने पुढचं वर्ष खेळ जवळजवळ सोडला होता. एका शिक्षकांनी त्याला परत आणलं. दोन वर्षांत तो सहा इंच वाढला आणि पुढे विद्यापीठाच्या संघातून खेळला. ते एक वर्ष माझ्यामुळे गेलं.

तेव्हापासून माझ्या वहीत एक रकाना वाढला: 'तीच चूक, पुढच्या वेळी'. खेळाडू चुकतो तेव्हा मी त्या चुकीची जागा लिहितो, आणि तीच परिस्थिती पुन्हा आली की त्याने काय केलं ते शेजारी लिहितो. नवा खेळाडू चुकणारच. तीच चूक तिसऱ्या सामन्यात, दहाव्या सामन्यात, जानेवारीत, मार्चमध्ये तशीच दिसते का, हे बघायचं. एनबीएचा सामना बघतानाही हे घरबसल्या करता येतं. एकच खेळाडू धर, चेंडू कुठेही असो, डोळे त्याच्यावरच ठेव. चेंडू त्याच्याकडे नसताना त्याचे पाय जागे आहेत का? समोरच्याने स्क्रीन लावली, म्हणजे अंगाने वाट अडवली, की तो आधी बोलतो, की धडकल्यावर मान वळवतो? फटका खाल्ल्यावर पुढच्या चालीत रिंगकडे जातो, की बाहेरूनच शॉट टाकतो? दोन तास असं बघितलंस तर तुला त्या मुलाबद्दल गुणफलकापेक्षा जास्त माहिती असेल.

आता घराबद्दल. खेळाडू निवडला जातो तेव्हा त्याला घर निवडता येत नाही, आणि हे अर्ध्याहून जास्त नशीब आहे असं माझं ठाम मत आहे. लेनर्डला सॅन अँटोनियो मिळालं, म्हणजे सुरुवातीपासून टिम डंकनसारखा ज्येष्ठ आणि ग्रेग पोपोविचसारखा प्रशिक्षक. पहिल्या वर्षी त्याच्याकडून अपेक्षा एवढीच, की समोरच्या चांगल्या खेळाडूला धर आणि कोपऱ्यातून मोकळा शॉट मार. लहान काम, पण रोजचं. 2003 मध्ये डार्को मिलिचिच दुसऱ्या क्रमांकावर डेट्रॉइटला गेला. संघ इतका तयार होता की पुढच्याच वर्षी विजेता झाला, आणि 18 वर्षांचं हे पोर बाकावर बसून राहिलं. कार्टर-विल्यम्सचं उलटं झालं. पहिल्या दिवसापासून सगळा भार, आणि चुकलं तरी जागा जाणार नाही. न खेळता पोर सुकतं, तसंच धाक नसताना ते सैलही पडतं.

त्यात नियमांची घाई आहे. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा दिसतो, पण पक्की असतात पहिली दोनच. तिसरं वर्ष ठेवायचं की नाही, हे संघाला दुसरा मोसम सुरू होताच ठरवावं लागतं, म्हणजे एका मोसमाच्या जोरावर. संघांना अशी घाई करावी लागते. तुला आणि मला ती सक्ती नाही. मी स्वतः तिसरा मोसम संपेपर्यंत कोणाबद्दल शेवटचं मत देत नाही. यानिसचा झपाटा सगळ्यांच्या डोळ्यात भरला तो चौथ्या मोसमात, तेव्हा त्याला सर्वाधिक सुधारणेचा पुरस्कार मिळाला.

समर लीगबद्दल विचारलंस. जरूर बघ. पण तिथले संघ आठ-दहा दिवसांपूर्वी जमलेले असतात, सगळ्यांना स्वतःला दाखवायचं असतं, चाली कोणाला नीट पाठ नसतात. ट्रे यंगने 2018 मध्ये समर लीगच्या पहिल्या सामन्यात 20 पैकी 4 शॉट बसवले. त्यावरून ज्यांनी निकाल दिला त्यांना पुढे सगळं गिळावं लागलं. त्यामुळे तिथे शॉट पडला की नाही हे सोडून दे. चेंडू घेऊन हव्या त्या जागी पोचतोय का, डावा हात वापरतोय का, समोरच्या दणकट माणसाने ढकलल्यावर पाय हलतात का, पहिल्या सामन्यातली फजिती तिसऱ्या सामन्यात दिसते का, एवढंच टिपून ठेव.

आणि आता तुझा मुलगा. तू फक्त उंची कळवलीस, 15 व्या वर्षी 6 फूट. बाकी काही लिहिलं नाहीस, म्हणून आधी हे कर. भिंतीला पाठ टेकवून, हात आडवे पसरून वाव मोज. मग हात वर करून उभा पोच मोज, टाचा जमिनीला टेकलेल्या हव्यात. त्याचे आईवडील किती उंच आहेत ते विचार, आणि गेल्या वर्षभरात तो किती वाढला तेही. शाळेच्या गणवेशाची पँट कितीदा आखूड झाली हे आईला बरोबर आठवतं. वाढ अजून चालू असेल तर त्याला आत्ताच सेंटर करून बास्केटखाली बांधून ठेवू नकोस. गार्डसारखं ड्रिबल करू दे, चेंडू पुढे आणू दे. उंच मुलं लहान असताना चेंडू हाताळायला शिकली की तो ठेवा जन्मभर पुरतो.

फ्री थ्रो सकाळी घे, सातच्या आत. दुपारनंतर तुझ्याकडे समुद्रावरून वारा सुटतो, तेव्हा घेतलेल्या टक्केवारीला अर्थ नाही. तीन सकाळी, रोज 50. आडवं सरकण्याची चाचणी मोबाइलवर चित्रित कर, कॅमेरा जमिनीजवळ ठेव म्हणजे टाचा दिसतील.

त्यानंतर चार सामने, आणि वहीत तो रकाना. त्याच्या गुणांचा कागद मला पाठवू नकोस. कुठे चुकला आणि पुढच्या वेळी तिथे काय केलं, तेवढं लिहून पाठव. दिवाळीच्या सुट्टीत मी चिपळूणला येणार आहे, तेव्हा त्याला घेऊन ये. आईवडिलांपैकी एकाला तरी बरोबर आण, मला त्यांची उंची बघायची आहे आणि मुलगा घरी हरल्यावर कसा वागतो ते विचारायचं आहे.